डिकीतला पंख

शहाण्या कारखानदाराने मोटारी बनवाव्यात, विकाव्यात आणि शर्यतींचा नाद दुसऱ्यांसाठी सोडावा. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने मे १९७२ मध्ये हे शहाणपण गुंडाळून ठेवले आणि निव्वळ शर्यतींसाठी ‘बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्ट’ ही वेगळी कंपनी काढली. सुरुवातीला माणसे ३५. प्रमुख म्हणून फोर्डच्या शर्यत विभागातून योखेन नेर्पाश यांना आणले. हा वेडेपणा होता, आणि म्हणूनच तो गौरवास पात्र आहे.

पहिले अपत्य ३.० सीएसएल. महागड्या गाडीत गिऱ्हाइकाला सुखसोयी वाढवून हव्या असतात. या मंडळींनी त्या काढून घेतल्या. दारे, बॉनेट, डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे केले, पत्रा पातळ केला. वजन घटले, किंमत वाढली. १९७३ मध्ये मागची चाके भरधाव वेगातही रस्त्याला दाबून धरावीत म्हणून गाडीला भलामोठा पंख दिला. शर्यतीत तो चालावा यासाठी विक्रीच्या गाडीबरोबरही तो देणे भाग होते; जर्मन रस्त्यांवर मात्र त्याला परवानगी नव्हती. तेव्हा पंख डिकीत ठेवून गाडी ग्राहकाच्या हवाली करण्यात आली. सीएसएलने त्या वर्षी युरोपीय टूरिंग कार स्पर्धेचे अजिंक्यपद मिळवले.

मग एम१. शर्यतीच्या नियमानुसार ४०० गाड्या बांधायच्या होत्या. काम इटलीतल्या लॅम्बोर्गिनीकडे सोपवले, तर तीच आर्थिक अडचणीत सापडली. गाडी शेवटी इटली आणि जर्मनीत तुकड्यातुकड्यांनी पुरी झाली, पण तोवर ठरलेल्या शर्यतींची वेळ टळून गेली होती. मग १९७९ मध्ये फॉर्म्युला वनच्या जोडीने खास एम१ गाड्यांचीच स्पर्धा भरवली. पहिला विजेता निकी लाउडा. एकूण गाड्या ५०० देखील भरल्या नाहीत.

एवढ्यावर हिशेबनीस वही मिटेल. त्याने ती मिटू नये. एम१ च्या सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्हच्या इंजिनाचाच सुधारित अवतार १९८५ च्या एम५ मध्ये बसला आणि चार दारांच्या घरगुती गाडीला शर्यतीचा दम मिळाला. डोके चालवायला मोकळीक मिळालेल्या माणसांनीच हे साधले. विक्रीचा अंदाज आधी मागितला असता, तर यातले काहीच घडले नसते.

२०२३ मध्ये या विभागाच्या दोन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. कारखानदारांनो, पुढच्या अंदाजपत्रकात एका वेडासाठी रकाना ठेवा.