दर्शनी भिंत समोरच्यांची

साताऱ्यात प्रस्तुत लेखकाचं एक छोटंसं दुमजली घर आहे. गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो, अजिंक्यताऱ्यावरून हे घर ओळखू येत नाही, आणि गेली अकरा वर्षं दोन्ही बाजूंची त्याबद्दल तक्रार नव्हती. मग भाद्रपदात एक कुरियरवाला पोरगा फाटकाशी थांबला आणि त्यानं समोरच्या अण्णांना विचारलं, "काका, हितं कोण ऱ्हातंय का बंदच असतंय?" प्रस्तुत लेखक त्या वेळी ओसरीत पेपर वाचत बसला होता.

"राहतात, राहतात," अण्णा म्हणाले. पहिलं 'राहतात' ठीक होतं. दुसऱ्यात जरा दया होती.

त्या दिवशी लेखक चपला घालून रस्त्यापलीकडे गेला आणि त्यानं बऱ्याच वर्षांनी स्वतःचं घर समोरून पाहिलं. खालच्या हातभर भिंतीला लोणा लागला होता. खिडक्यांच्या ग्रिलमधून गंजाचे तांबडे ओघळ उतरले होते. पागोळ्या पडतात तिथं शेवाळ, बाकी पोपडे. गच्चीच्या कठड्यातून हात-दीड हात उंचीचा पिंपळ डोकावत होता. अण्णा शेजारी येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मी रोज चहा पिताना हेच बघतो." घराचा दर्शनी भाग ही मोठी चमत्कारिक मालमत्ता आहे. कर भरायचा आपण, आणि आत बसल्यावर ती आपल्यालाच दिसत नाही.

पाहुण्यांसाठी रंग काढणं ही काही नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडचा युवराज येणार म्हणून १८७६ साली महाराजा सवाई रामसिंहांनी अख्खं जयपूर गुलाबी करून टाकलं. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे, म्हणून घरं पिवळी, निळी, तांबडी झाली असं सांगतात. पणजीच्या फोंतैन्यशमध्ये आज पर्यटक त्या भिंतींना टेकून फोटो काढतात. प्रस्तुत लेखक एका कुरियरवाल्यासाठी रंग काढायला निघाला, एवढाच फरक.

लेखकाच्या लहानपणी गावच्या घराला शेडकार्ड नव्हतं. बॅरलमध्ये चुन्याच्या कळ्या भिजत टाकायच्या, त्या सळसळून उकळायला लागल्या की पोरांना लांब हाकलायचं, दुसऱ्या दिवशी गाळून घ्यायचं आणि चिमूटभर नीळ टाकून कुंचल्यानं फासायचं. तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, हे रसायनशास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. निवड फक्त एकच करायची असे: नीळ थोडी की जास्त. जास्त झाली तर दिवाळीभर घर निळसर दिसायचं आणि त्याबद्दल कुणी मत द्यायचं नाही.

आता दुकानात हजारावर शेड्स आहेत. त्यांची नावं इंग्रजी, आणि रंग बघून नाव किंवा नाव वाचून रंग सांगेल असा मनुष्य जन्माला यायचाय. लेखकाच्या बायकोनं ते पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "श्रीखंडी." मराठी बाईला अबोली, आमसुली, मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी हे रंग साड्यांमुळे तोंडपाठ असतात, दुकानदाराला क्रमांक लागतो. शेवटी ट्यूबलाइटखाली काडेपेटीएवढ्या कागदी तुकड्यावर बोट ठेवून दोघांनी एक क्रमांक ठरवला. इथंच घात झाला. काडेपेटीएवढ्या तुकड्यावर सौम्य वाटणारा रंग शेकडो चौरस फुटांवर, उन्हात, कितीतरी भडक दिसतो. भिंतीवर आधी तीन बाय तीन फुटांचा पट्टा मारून तो सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बघायचा असतो. ही माहिती लेखकाला रंगाऱ्यानंच दिली. दुसरा हात मारून झाल्यावर.

रंगारी भला माणूस होता. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेल्या गट्टूसारखी त्याचीही झुलपं डोळ्यांवर यायची. त्याची दुसऱ्या हातावर अढळ श्रद्धा होती. पावसाळ्यात भिंतीनं पाणी प्यायलं की ती पुरती वाळल्याशिवाय रंग लावायचा नसतो, नाहीतर आतली ओल बाहेर येताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येते. म्हणून त्यानं दसरा उलटू दिला. मग परांची बांधली, खरवडलं, भेगा बुजवल्या, लांबी भरली, घासलं, प्रायमर मारला. आणि पहिला हात मारला त्याच संध्याकाळी परतीचा पाऊस आला. निम्मा रंग अंगणात उतरला. "काळजी नको, दुसऱ्या हातात खुलतोय." दुसऱ्या हातात तो खुलला.

श्रीखंड मागितलं होतं, आम्रखंड आलं.

नुसतं आम्रखंड नव्हे, केशर जरा जास्तच पडलेलं. सकाळी नऊला ऊन भिंतीवर आलं की ते पिवळं होऊन परत फिरायचं आणि रस्ता ओलांडून थेट अण्णांच्या ओसरीत शिरायचं. अण्णांचा पांढरा सदरा पिवळा, चहा पिवळा, खुद्द अण्णा तर कावीळ झाल्यासारखे. चौथ्या दिवशी काकू डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "नको, ह्यांच्या भिंतीवरचं ऊन उतरलं की मी बरा होतो."

पिंपळाचा प्रश्न वेगळाच होता. पक्षी पिंपळाची फळं खातात, बी त्यांच्या पोटातून कठड्याच्या फटीत पडतं, आणि शेर-पायली माती नसतानाही तिथं जे जोमानं उगवतं ते कुंडीत उगवत नाही. वरून छाटलं तर मुळं फटीत राहतात आणि झाड पुन्हा फुटतं. माळ्यानं हात लावायला नकार दिला, रंगाऱ्यानंही. पिंपळावर मुंजा असतो. दीड हाताच्या झाडावर मुंजा बसणार कसा, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. पिंपळाभोवती व्यवस्थित कड राखून रंग मारला गेला.

मग बाग. फाटकाच्या दोन्ही बाजूंना माळ्यानं दोन अशोक लावले. तो उंच सरळसोट अशोक खरा अशोक नव्हेच; खरा तो सीतेचा, नारिंगी-तांबड्या गुच्छांचा, पसरट आणि सावकाश वाढणारा. माळ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "खरा पायजे का लवकर पायजे?" मग दहा बाय बारात लॉन आलं. खाली लाल माती, वर चटईसारखे हिरवे चौकोन. तीन आठवड्यांत लाल मातीतून आलेला लव्हाळा लॉनच्या वर डोकं काढून उभा राहिला. उपटला की जमिनीतली गाठ तुटून मागे राहते आणि एकाचे चार होतात. सध्या त्या तुकड्याला लेखक 'कुरण' म्हणतो.

शेवटी बोगनवेल. ही मूळची ब्राझीलची. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल याच्या जगप्रवासात कोमरसाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती सापडली आणि नाव मात्र कप्तानाचं लागलं. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल आत, पांढरं, बारीकसं. लेखकानं तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, शेणखत दिलं. तिनं पानांचा डोंगर केला, फूल एक नाही. कोपऱ्यावरच्या बंद बंगल्यातली बोगनवेल, जिला पावसाखेरीज कुणी पाणी दाखवलेलं नाही, ती बहरून रस्त्यावर सडा घालत होती. बोगनवेलीला भरपूर ऊन हवं आणि थोडी उपासमार हवी. हे कळल्यावर लेखकानं पाणी तोडलं. आळस हा बागकामातला गुण ठरण्याचा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. माघ सरता सरता वेल गच्च राणी रंगानं फुलली. ऊन रस्त्याच्या बाजूला, म्हणून सगळा बहर कंपाउंडच्या बाहेरच्या अंगाला. आतून काट्यांच्या काड्या दिसतात.

अण्णा मात्र खूश आहेत. बोगनवेलीमुळे पिवळ्याचा त्रास निम्म्यावर आला, असं ते म्हणतात. तो कुरियरवाला पोरगा परवा पुन्हा आला. आता पत्ता विचारत नाही, फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ते रे, वर पिंपळ उगवलाय बघ, त्या घरापाशी." म्हणजे इतका खर्च झाला आणि खूण न रंगवलेलीच राहिली.

गेल्या आठवड्यात अण्णांनीही घर रंगवायला काढलं. शेडकार्ड घेऊन ते आधी लेखकाकडे आले. "बघायचं तुम्हाला आहे," म्हणाले. दोघांनी मिळून फिका राखाडी ठरवला आणि त्याचा तीन बाय तीनचा पट्टा सध्या अण्णांच्या भिंतीवर वाळतो आहे.

जाता जाता एक. दर्शनी भिंत दारं-खिडक्या वजा जाता साडेचारशे चौरस फूट होती, दोन हातांना नऊ-दहा लिटर पुरले असते. वीस लिटरची बादली आणली. यंत्रावर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही. कंपाउंड आणि पाण्याच्या टाकीची खोली रंगवूनही चार लिटर आम्रखंड शिल्लक आहे. अण्णांना विचारलं, त्यांनी हात जोडले. वाचकांपैकी कुणाला हवं असल्यास डबा घेऊन यावं. पिंपळवालं घर विचारा.