माती, पाणी आणि कलम २०

घरी झाड वाढवायचे तर मातीत की हायड्रोपोनिक्सच्या पाण्यात, हा वाद जगात ज्या झाडावरून हमरीतुमरीवर येतो, ते झाड कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात घरी लावताच येत नाही. झाडाचे नाव गांजा. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (हे नाव एका दमात वाचले तर मनोव्यापारावर थोडा परिणाम होतोच) कलम ८ मध्ये या झाडाच्या लागवडीला मनाई करतो आणि कलम २० मध्ये त्याबद्दल दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. झाड रानात होते की गच्चीवर, कुंडीत होते की पीव्हीसी पाइपात, याची कायद्याला फिकीर नाही. मातीतल्याला दहा वर्षे आणि पाण्यातल्याला आठ, अशी सवलत नाही. किमान किती झाडे, हेही विचारलेले नाही. एक पुरते.

चौकशीची सोयही कायद्याने गावपातळीपर्यंत करून ठेवली आहे. कलम ४६ प्रमाणे जमीनमालकाने आपल्या रानात असे बेकायदा झाड असल्याची खबर स्वतःच द्यायची; माहीत असून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. कलम ४७ मध्ये हीच खबर देण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांबरोबर पंच आणि सरपंच यांची नावे घेतली आहेत. शिरोळला आता नगरपरिषद आहे, म्हणून गावात सरपंच नाही आणि आपण सुटलो, असा अर्थ कुणी काढू नये. ऊस बारा फूट वाढतो आणि आत काय आहे ते बांधावरून दिसत नाही, एवढ्या भरवशावर महाराष्ट्रात अधूनमधून कुणीतरी उसात गांजा लावतो आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. उसात आंतरपीक म्हणून सोयाबीन, भुईमूग, हरभरा, कांदा यांची शिफारस होते. हे पीक त्या यादीत नाही. शिवाय ऊस कधीतरी तुटतोच, आणि तोडायला टोळी येते.

पूर्वी असे नव्हते. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा बंगालात नौगावला आणि मध्य प्रांतात खांडव्याकडे गांजाची परवान्याची शेती चालू होती आणि सरकार त्यावर कर घेत होते. आयोगाने पुढच्या वर्षी जाडजूड अहवाल दिला आणि बेताच्या सेवनाने फारसे बिघडत नाही, असे मत नोंदवले. आज कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून घरटी चार झाडे आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी तीन झाडे लावता येतात. तिथल्या मराठी घरांत खिडकीतली उन्हाची जागा मात्र बहुतेक वेळा कढीपत्त्याने अडवलेली असते, कारण तो बाहेरच्या थंडीत टिकत नाही आणि त्याच्यावाचून फोडणी टिकत नाही. आपल्याकडे उत्तराखंडाने २०१८ मध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी लागणाऱ्या, नशा नसलेल्या जातीचा पहिला परवाना दिला. शिरोळपर्यंत त्यातले काही आलेले नाही.

तेव्हा उरले ते माळवे: वांगी, मिरची, टोमॅटो, कोथिंबीर, पालक, पुदिना. माती की पाणी हा प्रश्न त्यांनाही तितकाच लागू पडतो आणि त्यासाठी वकील लागत नाही.

मातीच्या बाजूने शिरोळला बोलायला फार कष्ट पडू नयेत. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या चार नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला आणि त्याबद्दल वाहतूकखर्च घेतला नाही. नदीकाठची मळी आणि त्यामागची काळी राने यांच्या जिवावर तालुक्यात ऊस उभा राहिला, आणि कृष्णाकाठचे वांगे असे म्हटल्याबरोबर भरीत करणाऱ्यांचे चेहरे बदलतात. मात्र रानातली माती आणि कुंडीतली माती या निराळ्या वस्तू आहेत. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. रानात तिला फुगायला एकरभर जागा असते. कुंडीत ती दोन उन्हांत विटेसारखी होते आणि मग वरून ओतलेले पाणी भेगेतून सरळ खाली, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर उतरते. म्हणून कुंडीत काळी माती एक हिस्सा, कुजलेले शेणखत एक हिस्सा आणि वाळू किंवा कोकोपीट एक हिस्सा घ्यावा. शेणखत कुजलेले आहे असे देणारा सांगतो. ते खरोखर कुजलेले आहे की नाही, हे हुमणी निघाल्यावर कळते.

मातीचा दुसरा दोष वजनाचा. वीस लिटरच्या बादलीत भिजलेली माती तीस किलोच्या आसपास भरते. अशा पन्नास बादल्या म्हणजे दीड टन. गच्चीवर दीड टन माती नेणारा गडी दुसऱ्या मजल्यापर्यंत मातीचा पक्षपाती असतो, तिसऱ्या मजल्यावर तो हायड्रोपोनिक्सची चौकशी करू लागतो.

हायड्रोपोनिक्सची कथा अमेरिकेत सुरू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिके यांनी १९२९ च्या सुमारास खतांच्या पाण्यात टोमॅटो वाढवले. वेल पंचवीस फुटांवर गेले आणि तोडणीला शिडी लागली. १९३७ मध्ये या पद्धतीला हे नाव मिळाले. वर्तमानपत्रांनी मातीची सद्दी संपल्याचे जाहीर केले. मग त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी शांतपणे तपासणी केली आणि १९३८ मध्ये लिहिले की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात उत्पन्न काही विशेष जास्त येत नाही. हे वाक्य तयार संच विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात सहसा आढळत नाही. आपल्याकडे १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला प्रयोग सुरू करून कमी खर्चाची 'बंगाल पद्धत' बसवली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने असेन्शन बेटावर सैनिकांसाठी भाजी अशीच पिकवली. ते बेट ज्वालामुखीच्या खडकाचे. तिथे मातीच नव्हती. पद्धतीचे खरे माहेर असे बिनमातीचे ठिकाण आहे. तिला कृष्णेच्या काठी आणून बसवणे म्हणजे थोडी हौसच आहे, आणि हौसेला शास्त्राचा विरोध नाही.

पद्धत समजायला सोपी आहे. झाडाला मातीतून पाणी, हवा, आधार आणि क्षार एवढेच हवे असते. आधार जाळीच्या कुंडीने द्यायचा, क्षार पाण्यात विरघळवायचे आणि ते पाणी मुळांवरून पंपाने फिरवायचे. पालेभाज्यांना पाइपातून पातळ धार पुरते. वांगे, टोमॅटो यांना कोकोपीट भरलेली बादली लागते. मुळा, गाजर, रताळे यांना पाइपात घालू नये. पाइप फुटतो किंवा मुळा वाकडा होतो, आणि दोन्ही प्रसंगी हसे होते. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ राखावा आणि क्षारांचे प्रमाण ईसी (विद्युतवाहकता) मीटरने मोजावे. पालेभाज्यांना ही ईसी साधारण १.२ ते १.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर लागते.

खतांसाठी शिरोळकराला पुण्याला जायला नको. ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या घरात कॅल्शियम नायट्रेट, बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस आणि मॅग्नेशियम सल्फेट यांच्या अर्धवट पिशव्या जिन्याखाली असतातच. नेमका घात इथे होतो. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट एकाच बादलीत दाट कालवले की पांढरा साका तळाशी बसतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून बसलेले असतात आणि झाडाला दोन्ही मिळत नाहीत. म्हणून जगभर हे द्रावण दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवतात. एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे सर्वांचे लाडके खतही इथे चालत नाही. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू युरिया फोडून झाडाला वाढतात. पाण्याच्या नव्या टाकीत ही मंडळी हजर नसतात. पन्नास वर्षे रानात काढलेला माणूस या ठिकाणी म्हणतो, "आरं, खत घातलंय की भरपूर, मग पिवळं का पडतंय?" उत्तर मीटरजवळ असते, आणि मीटर सहा महिन्यांपासून कॅलिब्रेट केलेला नसतो.

क्षारांच्या बाबतीत हा तालुका खरे तर जगाला शिकवू शकेल. उसाला पाट भरभरून पाणी आणि पोत्यांनी खत दिल्यावर, निचरा नसलेल्या काळ्या रानात पाणी वर आले, उन्हाने उडून गेले आणि मीठ जमिनीवर राहिले. हजारो एकर रान असे क्षारपड झाले. मातीच्या अर्काची ईसी ४ च्या वर गेली की तज्ज्ञ ती जमीन क्षारयुक्त धरतात. तिथे ऊस तर राहोच, गवतही निवडून उगवते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने आणि गणपतराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हे खारे पाणी नाल्यांना काढून देण्याचे काम झाले आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. लोक याला 'शिरोळ पॅटर्न' म्हणतात. थोडक्यात, एका शेतात मीठ पाइपाने बाहेर काढायचे आणि त्याच शेतकऱ्याच्या गच्चीवर मीठ पाइपात सोडायचे, असा हा व्यवहार आहे. दोन्हीकडे मोजमाप त्याच ईसी मीटरने होते आणि दोन्हीकडे निचऱ्यावर सगळे अवलंबून असते. गच्चीवर बोअरचे पाणी वापरणाऱ्याने खत घालण्यापूर्वी नुसत्या पाण्याची ईसी पाहावी. काही गावांत खत न घालताच आकडा पुरेसा भरतो. किनाऱ्यावरच्या नारळाचे कोकोपीटही खारट असू शकते. ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे.

पाण्याचा खरा वैरी ऊन. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. एप्रिलमध्ये गच्चीवरची काळी टाकी दुपारी हात पोळेल इतकी तापते. मुळे गुदमरतात, तपकिरी होतात आणि वास येऊ लागतो. मातीतल्या झाडाला संध्याकाळी पाणी घातले की ते माफ करते. पाइपातल्या झाडाकडे साठा नसतो. वीज गेली, पंप थांबला, की तासा-दोन तासांत पालक मान टाकतो. लग्नसराईत घरदार दोन दिवस इचलकरंजीला गेले असेल तर परत आल्यावर पाइपात भाजी नसते, पालेभाजीचा पुरावा असतो. कोंडिग्र्याच्या माळावर श्रीवर्धन बायोटेकच्या हरितगृहांत गुलाब आणि जरबेरा फुलतात, ते तिथे पाण्याकडे आणि खताकडे बघायला माणसे पगारावर आहेत म्हणून. घरात हे काम ज्याच्या अंगावर पडते त्याला पगार नसतो, आणि बहुधा संच त्याने मागवलेलाही नसतो.

पुराचा विचार केल्याशिवाय शिरोळात कोणतीही लागवड पुरी होत नाही. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला धावतात. पाणी तिथे थांबले तर उत्तम. २००५, २०१९ आणि २०२१ साली ते थांबले नाही आणि नदीकाठच्या गावांनी अख्खी घरे हायड्रोपोनिक्सवर घातली. अशा वेळी मातीच्या कुंड्या बुडतात, प्लॅस्टिकच्या तरंगत शेजारच्या गल्लीत जातात आणि परतताना दुसऱ्याच्या येतात. परड्यातल्या मातीवर मात्र गाळाचा नवा थर बसतो आणि पुढच्या हंगामात वांगी जोरात येतात. पंप आणि टायमर बुडाले तर त्यांच्यावर गाळाचा असा काही उपकार होत नाही. वरच्या मजल्यावरचा संच पुरातून वाचतो. वीज मात्र तळमजल्यावरूनच येते.

चवीबाबत दोन पक्ष आहेत आणि ते जेवताना भांडतात. योग्य क्षार मिळाले तर पाण्यातल्या टोमॅटोची चव मातीतल्यापेक्षा कमी असलीच पाहिजे असे नाही. जात कोणती आणि फळ वेलावर किती पिकले यावर बरेच ठरते. पालक, पुदिना आणि लेट्यूस पाण्यात स्वच्छ आणि लवकर येतात, खुरपणी नाही, वाकावे लागत नाही. गुडघे धरलेल्या माणसाला हा मोठा लाभ आहे. फिरवलेले पाणी पुन्हा वापरले जात असल्याने ते मातीपेक्षा बरेच कमी लागते. लेट्यूसचे भाकरीबरोबर काय करायचे, हा प्रश्न कृषिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. वांगी आणि मिरची परड्यात, पालेभाजी पाइपात, अशी वाटणी शिरोळच्या हवेला बरी पडते. ज्याला रोज सकाळी मीटर बुडवण्यात आनंद आहे त्याने पाण्याकडे जावे. ज्याला तो बुडवायचा कंटाळा येणार हे आधीच ठाऊक आहे त्याने शेणखत सांगून ठेवावे.

टाकीतले द्रावण दोन-तीन आठवड्यांनी बदलावे लागते, कारण झाड हवे ते क्षार उचलते आणि नको ते मागे ठेवते. हे उरलेले पाणी गटारात किंवा नदीत सोडू नये. चौपट साध्या पाण्यात मिसळून ते परड्यातल्या नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात ओतावे, दर वेळी वेगळ्या आळ्यात. आळ्याच्या कडेला पांढरे फुटलेले दिसले तर पुढच्या दोन पाळ्या नुसत्या पाण्याच्या द्याव्यात.