प्रेमात पडलेला पबजीकर

पबजीकर हा मावळ तालुक्यात बारमाही आढळणारा तरुण होय. वय वीस ते अठ्ठावीस. तो तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, नाहीतर घरचं पॉलिहाऊस बघतो, नाहीतर 'सध्या एमपीएससीचं चाललंय' असं पाहुण्यांना सांगतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी तो खेळ बीजीएमआय हे नाव घेऊन परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ च्या अखेरीस पुन्हा उगवला. एवढं बारसं होऊनही लोकांच्या तोंडी पबजी ते पबजीच. प्रेमात नसलेल्या पबजीकरात पाहण्यासारखं काही नसतं; तो नुसता खेळतो. प्रेमात पडलेल्याची तऱ्हा मात्र न्यारी.

त्याच्या सगळ्या अडचणींचं मूळ खेळाच्या रचनेत आहे. आठ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद एरँगलच्या नकाशावर शंभर खेळाडू विमानातून उतरतात, लूट गोळा करतात, झोन आवळत जातो आणि शेवटी एकच स्क्वाड उरतो. पूर्ण मॅचला साधारण अर्धा तास लागतो आणि ती मध्येच थांबवायची सोय नाही. उठून जावं तर कामशेतचा, कान्ह्याचा आणि वडगावचा असे तिघे मित्र तोंडघशी पडतात, आणि ते दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये भेटायचे असतात. त्यामुळे प्रेयसीचा फोन आला की त्याचं उत्तर ठरलेलं : "दोन मिनिटं." तिथून पुढची वीस मिनिटं कशी जातात, हे कामशेत स्टेशनच्या बाकावर बसून पुणे लोकलची वाट पाहणाऱ्या कुणालाही ऐकता येतं.

"ऐकतोयस ना?"

"हां, बोल ना."

"काय म्हणाले मी आत्ता?"

"तेच... तुझ्या मैत्रिणीचं."

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे परवा."

"अरे मागंय, मागंय, उडव तिला!"

माइक बंद करायचा राहिला, एवढंच त्याचं यावर म्हणणं असतं.

वर्षातली त्याची खरी कसोटी फेब्रुवारीत लागते. मावळ हा गुलाबाचा तालुका. डिसेंबरात झाडांची कटिंग करायची आणि जानेवारीच्या अखेरीपासून डच गुलाब काढायचा, की १४ फेब्रुवारीच्या आधी माल परदेशात पोचतो, असं इथल्या पॉलिहाऊसचं वेळापत्रक. घरच्या पॉलिहाऊसवाला पबजीकर त्या पंधरवड्यात पहाटेपासून फुलांच्या गड्ड्या बांधतो, लांब दांड्याचा माल अनोळखी लोकांच्या प्रेयसींना रवाना करतो आणि स्वतःच्या प्रेयसीला गुलाबाचं इमोजी पाठवतो. वाढदिवसाला घेऊ म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तोवर यूसीत, म्हणजे खेळातल्या चलनात, गेलेले असतात आणि त्यातून बंदुकीला नवी स्किन आलेली असते. फ्री फायर खेळणाऱ्या त्याच्या चुलतभावाची गोष्ट आणखी करुण आहे. त्या खेळावर बंदी आल्याची बातमी २०२२ मध्ये नेमकी १४ फेब्रुवारीलाच आली. त्या संध्याकाळी तो रडवेला का होता, हे त्याने मैत्रिणीला नेमकं कसं समजावलं असेल, याचा विचार न केलेला बरा.

पावसाळ्यात निसर्ग तिच्या बाजूने असतो. लोणावळ्याच्या पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन धड चालत नाही, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालावा लागतो आणि पवनेच्या बाजूला डोंगराआड गेलं की रेंजही दगा देते. शनिवार-रविवारी भुशी धरणाला मुंबई-पुण्याची जत्रा भरते, म्हणून इथली जोडपी आडवारी फिरतात. पण आडवारी फिरण्यामागे त्याचं आणखी एक कारण असतं : पर्यटक आले की पिंग वाढतो आणि खेळ अडखळतो. लायन्स पॉइंटला धुक्यात कणीस खाताना तो तिच्याशी मन लावून बोलतो आणि तिला वाटतं, माणूस सुधारला. मळवलीला उतरल्यावर रेंज येते.

काही मुली मग दुसरा मार्ग धरतात आणि स्वतःच खेळायला शिकतात. दोघांनी खेळायचा ड्युओ प्रकार याच कामाचा. सुरुवातीला तो तिला हेल्मेट, मेडकिट देऊन मोठेपणा मिरवतो. महिनाभरात तो नॉक झाल्यावर तीच त्याला रिवाईव्ह द्यायला लागते आणि त्याचा उत्साह मावळतो. सोबत खेळून सिनर्जी नावाचे गुण वाढवले की खेळात 'लव्हर्स' असं नातंही जोडता येतं. तिने ते जोडायची विनंती पाठवली, तेव्हा ती जागा आधीच वडगावच्या मित्राने अडवलेली होती, असंही घडतं. बक्षीस मिळत होतं म्हणून केलं, हा खुलासा खरा असतो; कुणाला पटत नाही.

घरात तो 'डबड्यात डोकं घालून बसलेला' म्हणून ओळखला जातो आणि आईला तो आजारच वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद केली आहे खरी, पण खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं, असं साधारण बारा महिने चाललं तरच तो विकार ठरतो. मावळातली मुलगी बारा महिने थांबत नाही. तो स्वतः २०२३ च्या हांगझोऊ एशियाडचा दाखला देतो, कारण तिथे ई-स्पोर्ट्सला पदकं होती. त्या पदकांचा आणि याच्या रात्रपाळीनंतरच्या जागरणाचा संबंध मात्र त्याला अजून दाखवता आलेला नाही.

एवढं असूनही पबजीकर वाईट नवरा होत नाही. पत्ते कुटणाऱ्या किंवा ढाब्यावर बसणाऱ्या मित्रांच्या मानाने तो घरी असतो, त्याचा ठावठिकाणा ठाऊक असतो आणि जोडीदाराला कव्हर द्यायची सवय त्याला आधीपासून असते. स्थळ पाहायला गेलेल्या मंडळींनी त्याला पगार आणि शेती विचारून झाल्यावर एक मॅच किती वेळाची असते, तेवढं विचारावं. अर्धा तास म्हणाला तर सुपारी फोडायला हरकत नाही. दोन मिनिटं म्हणाला तर चहा पिऊन निघावं.