हवेचं भाडं

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी ‘ब्रँड’ आहे. दुसऱ्या मजल्यावर भाजणी आणि लाडू, चौथ्यावर खणाच्या पर्स, तळमजल्यावर हाताने केलेले साबण. नाव ठरलेलं असतं, लोगो भाच्यानं फुकटात करून दिलेला असतो, फोटोत मागे समई तेवत असते. पहिली ऑर्डर येते नागपूरची. मग घरात प्रश्न उभा राहतो: पाठवायचं कशातून?

उत्तर माळ्यावर असतं. मिक्सरचा खोका. मिक्सर कधीच भंगारात गेला, पण खोका ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेला. त्यात एक किलो भाजणी आणि एक किलो बेसनाचे लाडू ठेवायचे, उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि कुरिअरवाल्यापुढे नेऊन आदळायचं. तो वजनकाट्याकडे नंतर बघतो. आधी टेप काढतो. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३०. गुणाकार ३६,०००. बहुतेक कंपन्या त्याला ५,००० ने भागतात. आले ७.२. म्हणजे माल दोन किलोंचा आणि बिल सात किलोंच्या वरचं. काट्यावरचं वजन आणि हे मापाचं वजन, यांतलं जे जास्त भरेल ते धरायचं, हा या धंद्याचा सरळ नियम आहे. लबाडी नाही, टेम्पोत आणि विमानात जागाच विकली जाते. लाडवात तूप किती घालायचं यावर घरात तीन दिवस खल होतो, आणि नागपूरला पाठवलेल्या पाच किलो हवेचा हिशेब कुणीच मांडत नाही.

हाच माल २५ × २० × १५ च्या खोक्यात मावतो. मापाचं वजन दीड किलो, मग बिल खऱ्या वजनाचं. चिवड्याला मात्र इलाज नाही. त्याची हवेशी जन्मापासून भागीदारी.

नवे खोके पुण्यात बोहरी आळीत मिळतात. थ्री-प्लाय की फाइव्ह-प्लाय, एवढंच दुकानदार विचारतो. साबणाला आणि कपड्याला थ्री-प्लाय पुष्कळ झाला, काचेच्या बरणीला फाइव्ह-प्लाय. पर्स आणि साडीला तर खोकाच नको, प्लॅस्टिकची कुरिअर बॅग पुरते. अडचण एवढीच, की भाव शंभर नगांचा असतो आणि शंभर खोके दिवाणाखाली मावत नाहीत.

बबल रॅप १९५७ साली अमेरिकेत भिंतीला लावायचा कागद म्हणून जन्माला आला. भिंतींनी त्याला नाकारलं, आपण लोणच्याच्या बरणीला गुंडाळला. त्यावर लाल अक्षरात ‘फ्रॅजाइल’ची चिठ्ठी. ती चिठ्ठी लावणाऱ्याच्या मनःशांतीसाठी असते. गोण्या फेकणाऱ्याला रात्री अडीच वाजता वाचनाची सवड नसते. खोका बंद करून कानाजवळ हलवावा. आत काही वाजलं तर बाहेर काय लिहिलंय याला अर्थ नाही. टेप मधल्या फटीवर एक आणि दोन्ही कडांना एकेक. बाकी सगळीकडे गुंडाळलेला तो भीतीचा टेप. आणि खोका जुनाच असेल तर आधीचा बारकोड खरवडून काढा. यंत्राला दिसेल तो बारकोड खरा.

आता पोस्ट की कुरिअर? शहरातून शहरात कुरिअर ठीक. पण गिऱ्हाईक तालुक्याच्या पलीकडचं असेल तर फोन येतो, “मॅडम, स्टँडवर येऊन घेऊन जा.” याला ते ‘आउट ऑफ डिलिव्हरी एरिया’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. पोस्टमन वाडीवर जातो, फक्त कधी जाईल ते त्याचं त्याला माहीत. पोस्टाच्या खिडकीवरही बदल आहेत. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. पुस्तकांचं स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या तोंडचं पाणी पळालं. मग मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोंना १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा. त्यात मासिकं चालत नाहीत. ज्ञान चालतं, दिवाळी अंक नाही.

पत्ता हे आणखी एक प्रकरण. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित. त्यांच्या भाषाबंधूंचा पत्ता आजही असा येतो: ‘गणपती मंदिराजवळ, आल्यावर फोन करा.’ पिन विचारला की एटीएमचा विचारल्यासारखे संशयाने बघतात.

‘कॅश ऑन डिलिव्हरी’चं कौतुक नव्या पिढीला. व्ही. पी.नं, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पोस्टमनला पैसे देण्याच्या बोलीवर, पुस्तकं मागवून पोस्टमन दारात आला की ‘साहेब गावाला गेलेत’ सांगणारी घरं महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. परत आलेल्या पार्सलला आता ‘आरटीओ’, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’ म्हणतात, एवढाच फरक. भाडं तेव्हाही विक्रेत्याच्या अंगावर पडायचं, आताही पडतं. म्हणून विक्रेतेही शहाणे झालेत. आधी यूपीआय, मग माल. आणि तळटीप, ‘अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय तक्रार ऐकली जाणार नाही.’ लाडू खाण्याआधी पंचनामा. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात कात्री, कॅमेऱ्यापुढे चारी बाजू फिरवून दाखवायच्या.

आणि तरीही गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच: “शिपिंग फ्री आहे ना?” पाचशेचा डबा अधिक ऐंशी रुपये पोस्टेज असं लिहिलं तर माणूस लुटला गेल्यासारखा गप्प होतो. पाचशे नव्वद, शिपिंग फ्री असं लिहिलं की तोच दोन डबे मागवतो, आणि माल पोचल्यावर अभिप्राय पाठवतो: ‘लाडू छान. खोका थोडा मोठा असता तर मुलाच्या प्रोजेक्टला झाला असता.’