ब्लोअर : रचना, बिघाड आणि मालक

डॅशबोर्डाच्या आत, डाव्या बाजूच्या खणामागे, प्लास्टिकचे एक वाटोळे घर असते. त्यात १२ व्होल्टची लहान मोटर आणि तिच्या दांड्यावर बसवलेला उभ्या पात्यांचा गोल पंखा असतो. हा ब्लोअर. गाडीत हीटर असो वा एसी, राबतो तो हाच. हीटरच्या नळ्या आणि एसीची कॉइल जागच्या जागी बसून असतात. ब्लोअर त्यांच्यावरून वारा ढकलतो. एसीची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. ब्लोअरची आठवण तो बंद पडल्यावरच येते.

मुंबई-पुण्याच्या गाडीत हीटरची कळ वर्षानुवर्षे निळ्या टोकाला असते. ती तांबड्याकडे सरकते ती दोन प्रसंगी, आणि दोन्हींचा थंडीशी फारसा संबंध नसतो. पहिला प्रसंग जुलैतल्या ताम्हिणी किंवा आंबोली घाटाचा. गाडीत पाच भिजलेली माणसे, दोन निथळत्या छत्र्या आणि गरम कणसे असली की आतली हवा दमट होते. काच बाहेरच्या पावसाने गार झालेली असते. तिच्यावर वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. एसी हवा कोरडी करतो, हीटर काच गरम करतो, पण ब्लोअर नसेल तर दोघांचाही काचेला उपयोग नाही. मग शेजारच्या सीटवरील व्यक्तीला नॅपकीन देऊन कामाला लावले जाते. ती व्यक्ती स्वतःपुढची काच लख्ख करते.

दुसरा प्रसंग मे महिन्यातल्या कसारा घाटाचा. इंजिन तापून काटा वर चढला की जुने चालक हीटर पूर्ण उघडतात आणि ब्लोअर मोठा करतात. इंजिनाचे ८०-९० अंशांचे पाणी हीटरच्या बारीक नळ्यांतून फिरत असल्याने हीटर हा वस्तुतः एक छोटा जादा रेडिएटरच आहे. इंजिनाची उष्णता अशा रीतीने कुटुंबात वाटून दिली जाते. गाडी वाचते.

पुढील विवेचनासाठी मारुती ८०० घेऊ. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये ८००चे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ८०० ही जुनीच गाडी आहे, आणि ती चालवणारा प्रत्येक मालक स्वतःला थोडाफार मेकॅनिक समजतो. प्रस्तुत लेखक या वर्गातला आहे. त्याच्या मल्टिमीटरला चेनचे कव्हर आहे आणि पाहुणे येणार असले की तो टीपॉयवर राहून जातो.

बिघाड ओळखणे अवघड नाही. ब्लोअर फक्त शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल तर मोटर ठीक आहे आणि रेझिस्टन्स जळला आहे. जुन्या गाडीत वेग कमी करण्यासाठी मोटरच्या वाटेत तारेची वेटोळी घालतात. पहिल्या वेगाला वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, पुढच्याला काहींतून, आणि शेवटच्या वेगाला वेटोळी टाळून थेट मोटरला. ही वेटोळी तापतात, म्हणून ती मुद्दाम ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेली असतात. पंख्याने त्यांना गार ठेवायचे आणि त्यांनी पंख्याला आवरायचे, असा हा संसार आहे. बुश सुकून मोटर जड झाली की ती अँपिअर जास्त ओढते आणि वारा कमी देते. वेटोळी दोन्हीकडून पोळतात आणि एक दिवस तुटतात. यास्तव रेझिस्टन्स बदलण्याआधी मोटर हाताने फिरवून पाहावी. ती जड असेल तर नवा रेझिस्टन्सही जुन्याच्याच वाटेने जातो.

चिमणीसारखा आवाज येणे म्हणजे बुश कोरडे पडणे. खडखड म्हणजे पंख्यात काहीतरी अडकले आहे. काचेखालच्या जाळीतून वारा आत जातो, आणि गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर पानेही जातात. त्यापाठोपाठ उंदीर जातो, कारण सुकी पाने, अंधार आणि ऊब एका ठिकाणी मिळण्याची सोय शहरात इतरत्र कमी झाली आहे.

आणि ठोकल्यावर सुरू होणारा ब्लोअर. याचा अर्थ मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजले आहेत. थाप मारली की कार्बन क्षणभर दांड्यावरच्या कॉम्युटेटरला टेकतो आणि मोटर सुरू होते. मालक या थापेची विद्या करतो. खणाच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्याला, तळहाताने की मुठीने, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. दुसऱ्याने ठोकले तर "अहो, असं नाही, इथं," असे म्हणून तो चालू गाडीत स्टिअरिंगवरचा हात काढतो. अनेक ब्लोअर दुरुस्त होत नाहीत ते याच कारणाने. दुरुस्त झाल्यावर मालकाकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही.

मोटरपर्यंत पोचायला खण काढावा लागतो आणि त्यासाठी तो रिकामा करावा लागतो. कार्यपुस्तिका ही पायरी एका ओळीत उरकतात. इथे तसे करता येणार नाही. खणात मुदत संपलेल्या पीयूसीच्या पावत्या निघतात. टोलच्या पावत्या निघतात. त्यांवरची शाई उडालेली असते, पण फेकण्याचा अधिकार कोणाला, हे ठरलेले नसते. अर्धी मेणबत्ती, उलटीच्या गोळ्या, गजऱ्याचा दोरा, देवळातली सुपारी, या गाडीला न बसणारा फ्यूज आणि भावगीतांच्या कव्हरात भजनाची कॅसेट. चष्म्याची एक काडी. आणि तळाशी, रबर लावलेली, पेट्रोलची वही.

ही वही वडिलांची असते. त्या पिढीने टाकी भरली की आकडा लिहिल्याशिवाय पंप सोडला नाही. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटच्या रकान्यात अॅव्हरेज, दोन दशांश स्थळांपर्यंत. घरात ही गाडी बाविसाचे अॅव्हरेज देते अशी परंपरा असते, वहीत १६.४० असते. एखाद्या आकड्याखाली रेघ मारून शेजारी "एसी लावला होता" असे लिहिलेले असते, आणि तो कोणी लावला होता हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. मोकळ्या जागेत गावांची नावे असतात : नरसोबाची वाडी, गणपतीपुळे, ताईकडे. पुढे अक्षर मोठे आणि वाकडे होत जाते. गावे कमी होतात आणि "तपासणी" हा एकच शब्द येऊ लागतो. दोन तपासण्यांमधले किलोमीटर दर वेळी जवळजवळ तेवढेच. मग अक्षर बदलते. ते दोन-तीन नोंदी टिकते, अॅव्हरेजचा रकाना रिकामा राहतो, आणि त्यापुढची पाने कोरी.

वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवावी, कारण पुढील कामात धूळ उडते.

गाडी का विकत नाही, याची कारणे मालक वेगळीच सांगतो. हल्ली असा पत्रा मिळत नाही, हे त्यांतले पहिले. मारुती ८००च्या पत्र्याबद्दलही हे विधान गंभीर चेहऱ्याने केले जाते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि आरटीओची रांग हे सगळे सोसून माणूस पत्र्यासाठी गाडी ठेवतो, असे समजण्यास हरकत नाही.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. खणाचे स्क्रू काढावेत. ब्लोअरचा कपलर ओढून न काढता खटका दाबून काढावा. जुने प्लास्टिक ओढाताण सहन करत नाही. आधी कपलर पाहावा : आतली पिन काळी पडली असेल किंवा कडा वितळली असेल तर बिघाड तिथेच आहे. मग मोटर उतरवून, फ्यूज लावलेल्या वायरने तिला बॅटरीवरून डायरेक्ट वीज द्यावी. फिरली तर दोष फ्यूज, स्विच, रेझिस्टन्स किंवा अर्थिंगमध्ये शोधावा. न फिरली तर मोटर उघडावी.

इथे बाजाराशी गाठ पडते. "मोटर कशाला उघडता? पूर्ण असेंब्ली टाका," हे वाक्य चकचकीत गॅरेजमध्ये एसीत बसून ऐकायला मिळते. झिजलेले असतात दोन कार्बन, करंगळीच्या नखाएवढे. त्यांच्यासाठी तांब्याची वाइंडिंग, चुंबके आणि अखंड पंखा भंगारात जातो, आणि बदल्यात येणारा माल बहुधा जुन्यापेक्षा हलका असतो. दुरुस्ती येत नाही हे सांगण्याऐवजी दुरुस्ती परवडत नाही असे सांगण्याची पद्धत पडली आहे, आणि ती संतापजनक आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मात्र अजून असे वायरमन आहेत, जे मोटर हातात घेऊन दांडा चिमटीत हलवतात आणि गिऱ्हाइकाचे निदान पूर्ण होण्याआधी आपले सांगून टाकतात. मल्टिमीटर कव्हरातून बाहेर काढण्याची संधी मिळत नाही.

मोटरच्या पत्र्याचे दुमडलेले कान उचकटले की ती उघडते. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि त्याच्या फटींतली कार्बनची भुकटी टोकदार काडीने काढावी. नेमके कार्बन मिळाले नाहीत तर थोडे मोठे घेऊन कानशीने घासून बसवतात. ते आपल्या घरात सहज सरकले पाहिजेत. बुशाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरतो. प्रेमाने जास्त घातलेले तेल कार्बनवर जाऊन सगळे काम पुन्हा करायला लावते.

जोडताना वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो. तरीही वारा पुढेच येतो, फक्त क्षीण येतो; या जातीच्या पंख्याचा तो स्वभाव आहे. त्यामुळे चूक लवकर कळत नाही, आणि "पूर्वीही एवढाच यायचा" असे मत देणारे घरात कोणीतरी असतेच. वायरी अदलाबदल करून खात्री करावी.

शेवटी चारही काचा उघडून ब्लोअर लहान वेगापासून मोठ्यापर्यंत चालवावा. पहिल्या झोतात गुलमोहराचा चुरा आणि उंदराची शिल्लक इस्टेट बाहेर येते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. प्रत्येक वेगाला वाऱ्यात फरक जाणवला, आवाज एकसारखा आला आणि कपलर हाताला गरम लागला नाही की खण बसवण्यास हरकत नाही. खणातले सामान पूर्वी होते त्याच क्रमाने आत जाते. त्यातले काहीही टाकून दिले जात नाही.