एव्हरीवन, फुल कंट्रोल

कॉम्प्युटर अडला की अमरावतीचा माणूस आधी तो बंद करून चालू करतो. मग पोराला हाक मारतो. पोरगं पुण्याला नोकरीला आहे हे आठवलं की भाऊंना फोन लावतो.

भाऊंचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक नसतं. लोकांच्या फोनमध्ये ते ‘कॉम्प्युटर भाऊ’, ‘राजापेठ संगणक’ किंवा नुसतंच ‘फॉरमॅट’ या नावानं नांदत असतात. साईनगरचे भाऊ वेगळे, रुक्मिणीनगरचे वेगळे, पण साचा एकच. वय पस्तीस ते पंचेचाळीस. एमएस-सीआयटी पास, हार्डवेअर-नेटवर्किंगचा एक कोर्स अर्धा. तोंडाला उन्हाचा दुपट्टा, खिशात टेस्टर, आणि जुडग्यात किल्ल्यांपेक्षा पेन ड्राइव्ह जास्त. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ते येतात, पण त्यात मन लागत नाही. वायफाय गेलं तर फोनवरच ‘मागचं बटन दाबा’ म्हणून वाटेला लावतात. त्यांचा जीव रमतो तो एकाच दुखण्यात: फोल्डर समोर दिसतो, पण उघडत नाही.

हे दुखणं ज्याला जास्तीत जास्त झोंबेल त्याच्याच घरी नेमकं येतं. समजा, उभी हयात सरकारी टेबलामागे काढून निवृत्त झालेले एक काकाजी. ‘आधी वरिष्ठांची परवानगी आणा’ एवढं सांगून त्यांनी किती माणसं परत पाठवली असतील, हिशोब नाही. आता त्यांच्याच बैठकीतला, त्यांच्याच फंडाच्या पैशातून घेतलेला कॉम्प्युटर त्यांना सांगतो की या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा. आत काय, तर नातवाच्या बारशाचे फोटो आणि पेन्शनचे कागद. काकाजींचा आवाज चढतो.

“कायले घाबरता काकाजी? फाईली कुठीच नाई गेल्या. मालकी अडकली फक्त.”

“अरे, पण मालक मीच हावो ना! बिल हाय माह्या नावाचं.”

“बिल याले नाई समजत.”

मग भाऊ कूलर आपल्या दिशेनं फिरवून घेतात, दुपट्ट्यानंच मॉनिटर पुसतात आणि निदान सांगतात. महिन्याभरापूर्वी कुणीतरी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलेलं असतं आणि डी ड्राइव्ह तसाच ठेवलेला असतो. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक आकडा देतं, एस-१-५-२१ पासून सुरू होणारा, आणि फोल्डरच्या मालकीत तोच लिहून ठेवतं. नव्या विंडोजमध्ये खातं पुन्हा ‘पप्पा’ याच नावानं उघडलं तरी आकडा नवा. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा मालक अजून जुना आकडाच. मालकाच्या रकान्यात नाव येत नाही, नुसता तो आकडा येतो, आणि बाजूला ‘अकाउंट अननोन’.

काकाजींच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा भाऊ सातबारा काढतात.

“असं समजा, जुना मालक वारला. सातबाऱ्यावर नाव अजून त्याचंच, वारसनोंद राह्यली. वावर तुमीच वाहून राह्यले, पीक तुमचंच. पन नमुना सातवर मालक आन् नमुना बारावर पीक. तुमी बारा दाखवून राह्यले, हे सात पाह्यते.”

हे मात्र काकाजींना तत्काळ समजतं. वऱ्हाडात ज्याला सातबारा समजत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. भाऊ उजवं क्लिक करतात. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ओनर, चेंज. रकान्यात नाव टाकून ‘चेक नेम्स’ दाबतात आणि नावाखाली रेघ उमटेपर्यंत श्वास रोखून धरतात. रेघ आली म्हणजे तलाठ्यानं माणूस ओळखला. मग खालच्या चौकोनात खूण, म्हणजे पोटातल्या सगळ्या फोल्डरांचाही मालक बदलणार. त्यांच्या लेखी हा फेरफार. वरच्या फोल्डरच्या परवानग्या खालच्याला मिळाव्यात म्हणून ‘इनेबल इनहेरिटन्स’ असं एक बटण असतं, ते दाबलं की वारसनोंद. आणि ज्या फोल्डरचा मालक ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ निघतो त्याला ते हातही लावत नाहीत. “हे ई-क्लास हाय. इथं अतिक्रमण नाई करा लागत.” यावर काकाजी थोडे अस्वस्थ होतात. त्यांच्या घराचं मागचं आवार कुठल्या वर्गात मोडतं, हा विषय त्या कॉलनीत कुणी काढत नाही.

ओके दाबल्यावर एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात एकेका फाइलचं नाव सरकू लागतं. भाऊ आणि काकाजी दोघंही पाहत असतात. बारसे. बारसे २. पेन्शन. एलआयसी. मग न्यू फोल्डर, न्यू फोल्डर ३, आणि त्याच्या पोटातून अशी काही नावं सर्रकन जातात की काकाजी पुढे झुकतात. पुण्याच्या पोरानं कॉलेजच्या दिवसांत काय काय जमवून ठेवलं होतं त्याचा तो पंचनामा असतो. भाऊ त्याच क्षणी छताच्या पंख्याकडे पाहतात. “पंख्याले ऑईल द्या लागते तुमच्या.” या व्यवसायात टेस्टरइतकीच ही नजर लागते. अर्ध्या अमरावतीची पत्रिका, पगारपत्रक आणि प्रेमपत्रं भाऊंच्या डोळ्यांखालून गेलेली असतात, आणि एकही शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नाही. पोलीस खात्यालाही एवढं जमत नाही.

विंडोज ९८ च्या काळात भाऊंना हे कामच नव्हतं. तेव्हाच्या फॅट-३२ च्या ड्राइव्हवर मालक नावाची भानगडच नसे, जो बसेल त्याचा कॉम्प्युटर. मालकी सांभाळणारी एनटीएफएस पद्धत १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली, पण ती कचेऱ्यांसाठी. घराघरांत ती घुसली २००१ च्या एक्सपीपासून. पेन ड्राइव्ह मात्र अजूनही बहुधा जुन्या वळणाचे, बिनमालकीचे. म्हणून फाइल वाचता येत असेल, पण परवानग्यांचा गुंता सुटत नसेल, तर भाऊ ती पेन ड्राइव्हवर घेतात आणि परत टाकतात. जाताना सगळ्या परवानग्या गळून पडतात. चार जीबीच्या वरची फाइल त्या वाटेनं जात नाही, तेव्हा काळा पडदा उघडून ‘टेकओन’ आणि ‘आयकॅकल्स’ चालवायचं. लाखभर फाइलींचा ड्राइव्ह असला की हा पडदा संपता संपत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली, तो आकडा भाऊ अशा वेळी तोंडपाठ म्हणून दाखवतात. “रस्ता झाला राजेहो, पन हे नाई झालं अजून.” तोवर कुणीतरी गिला वडा आणून ठेवलेला असतो.

इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून. भाऊंचा स्वभाव दिसतो तो यापुढे. मालकी काकाजींच्या नावे झाली, आता परवानगी फक्त काकाजींना द्यायची, एवढंच काम उरलेलं असतं. पण भाऊंचा हात तिथे थांबत नाही. ते नावाच्या रकान्यात ‘एव्हरीवन’ लिहितात आणि ‘फुल कंट्रोल’वर खूण करतात. उद्या सूनबाई बसल्या, परवा नातू बसला, पुन्हा फोन नको. “घरातल्या घरात कायची लपवालपव?” अमरावती पडली विभागाचं ठिकाण. विद्यापीठ इथलं, आयुक्त इथले, गल्लोगल्ली शिकवणी वर्ग आणि लग्नपत्रिकांचे डीटीपीवाले. एका फोल्डरवर दहा जणांनी बसायचं हीच इथली रीत, आणि दहा जणांचे दहा अधिकार मांडत बसायला वेळ कुणाला? भाऊंचं ‘एव्हरीवन’ हे आळसातून आलं की औदार्यातून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

एकदा इतिहासाच्या एका निवृत्त सरांकडे टेकओन चालू असताना सर म्हणाले, “भाऊ, हे दुखणं आपल्या अख्ख्या वऱ्हाडाला होतं बरं का. १८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. १९०२ साली कर्झननं वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला. १९३६ च्या करारात निजामाचा हक्क कागदावर पुन्हा मान्य झाला, त्याच्या युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार हा किताबही मिळाला. आणि कारभार? तो नागपुरातून इंग्रजांचाच.”

भाऊंनी कीबोर्डवरचे हात उचलले. “म्हंजे ओनर निजाम, फुल कंट्रोल इंग्रजाले. आन् आपल्याले काय होतं सर?”

“आपल्याला शेतसारा.”

“मंग एव्हरीवन कधी टाकलं?”

सर क्षणभर अडखळले. “२६ जानेवारी १९५०.”

“थे खालच्या फोल्डरले अप्लाय झालं का पन?”

सर चहाचं पाहायला आत गेले.

एव्हरीवनचे परिणाम भाऊंना ठाऊक नाहीत असं नाही. एका शिकवणी वर्गात त्यांनी सामायिक फोल्डर असाच सताड उघडा करून दिला होता. कुणीतरी दुसऱ्या टेबलावरून फीची सगळी यादी उडवली. नेटवर्कवरून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही, ती थेट गेलीच. मालकांनी भाऊंना बोलावून घेतलं. भाऊ शांत. “मी दरवाजा उघडून देल्ला. चोर मी नाई आनला.”

अकोल्याचे भाऊ नेमके उलट्या वळणाचे. अकोला म्हणजे कापूस, डाळमिल आणि तेल, आणि प्रत्येक गादीमागे टॅलीचा एक कॉम्प्युटर. तिथे कुणी म्हणत नाही की सगळ्यांना दिसू द्या. तिथली मागणी अशी की दिवाणजीनं लिहावं पण पुसू नये, पोरानं पाहावं पण लिहू नये, आणि जावयाला फोल्डर आहे हेच कळू नये. अकोल्याचे भाऊ हे सगळं बारीक खुणा करून मांडून देतात. फाइलवरचा डिलीट काढला, पण वरच्या फोल्डरवर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ राहून गेलं तर दिवाणजी फाइल उडवतोच, हे बारकं कलम अमरावतीत किती भाऊंना ठाऊक असेल, देव जाणे.

एका शेटजींना मात्र एवढा धीर नव्हता. रात्री एकटे बसून त्यांनी स्वतःच सिक्युरिटी उघडली, एव्हरीवनसमोरच्या ‘डिनाय’च्या रकान्यात फुल कंट्रोलवर खूण केली. विंडोजनं इशारा दिला. शेटजींनी ‘येस’ दाबलं. सकाळी दिवाणजी बाहेर, पोरगा बाहेर आणि शेटजीही बाहेर.

“शेटजी, एव्हरीवनमंदी तुमीबी येता.”

“मी कसा येईन? मी मालक हावो!”

“थेच सांगून राह्यलो. मालक हा मून वाचले.”

ते खरंच होतं. ‘डिनाय’ हे दिलेल्या परवानगीला मारतं, मालकालाही फाइल उघडू देत नाही. पण परवानग्यांची यादी बदलायचा हक्क एरवी मालकाकडे राहतोच. भाऊंनी डिनायची खूण काढली. शेटजींनी तेवढ्या वेळात दोनदा विचारलं की जावयाला हे कळणार तर नाही.

दोन्ही गावांचे भाऊ बडनेरा-अकोला प्रवासात कधी भेटले की वाद होतो. मूर्तिजापूरला शकुंतला या गाडीचे रूळ दिसले की हमखास. मालकी खासगी कंपनीची आणि गाडी चालवली सरकारी रेल्वेनं, म्हणजे दोघांच्याही धंद्यातलंच उदाहरण, आणि ती गाडी बंद का पडली याची कारणं दोघांची वेगळी. अमरावतीचे म्हणतात, कुलपं जास्त झाली की काम थांबतं. अकोल्याचे अभियांत्रिकीच्या एका पोराचा किस्सा सांगतात. लिनक्समध्ये वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, बेरीज सात. मालकाला सात, गटाला सात, इतरांना सात म्हणजे ७७७, आपल्या एव्हरीवनचाच चुलत भाऊ. पोराला एका फोल्डरनं अडवलं म्हणून त्यानं अख्ख्या सिस्टिमवरच ७७७ मारलं. सगळं सगळ्यांना मोकळं झालं, आणि ज्या ‘सुडू’च्या जोरावर ते केलं तोच रुसून बसला. त्याच्या फाइलीवर एक खास खूण असावी लागते, ती या सातांच्या रेट्यात पुसली गेली. “आता सांगा,” अकोल्याचे भाऊ म्हणतात. अमरावतीचे भाऊ खिडकीबाहेर पाहतात.

त्यांच्या स्वतःच्या मालकीचं विचाराल तर दर्यापूरकडे साडेतीन एकर वावर आहे. सातबाऱ्यावर अजून आज्याचं नाव. वारस बरेच, त्यातल्या एकाची सही राहिलेली; तो चुलतभाऊ पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. इकडे अख्ख्या शहराचे मालक दोन मिनिटांत बदलून देणारे भाऊ तलाठी कार्यालयात गेले की खाली मान घालून बाकावर बसतात. “थ्या रजिस्टरले रिप्लेस ओनरचा डबा असता ना राजेहो!” म्हणून उसासा टाकतात.

चुलतभाऊ माणूस वाईट नाही. दर दिवाळीला म्हणतो, येतो, करतो सही. मधल्या काळात त्याच्या घरच्या कॉम्प्युटरचा फोल्डर अडकला की भाऊंनाच फोन लावतो, आणि भाऊ इथून, फुकट, त्याच्या स्क्रीनवर शिरून मोकळा करून देतात. परवा पुन्हा फोन आला. पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा फोल्डर, दुसऱ्या दिवशी द्यायचा. भाऊंनी मालकी सोडवली, इनहेरिटन्स बंद केलं, आणि परवानगीच्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा एव्हरीवन न लिहिता त्याचं एकट्याचं नाव लिहिलं. पुढे एकच खूण केली, ‘रीड’.

“भाऊ, उघडलं, पण सेव्ह होत नाहीये.”

“हाव. तुले सध्या वाचाचं देल्लं. संमतीपत्र व्हॉट्सॲपवर टाकलं हाय, त्याच्यावर सही करून स्पीड पोस्टानं धाड. पावतीचा फोटो आला का राईट देतो.”