उसाला अक्कल, कोयत्याला उचल

बारामतीच्या उसाला अक्कल आली आहे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन फडात एआय उतरवलं. वरून उपग्रह बघतो, जमिनीतली उपकरणं ओल मोजतात आणि पाणी कधी, खत किती हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतं. जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेलांनी जाहीर पाठ थोपटली. जूनमध्ये राज्य सरकारने महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी ठेवले. उसाचं भलं होतंय, आमची काही तक्रार नाही.

फक्त तो ऊस अजून स्वतःच्या पायांनी गाडीत चढत नाही. त्यासाठी जालना जिल्ह्यातल्या परतूर, मंठा भागातल्या बंजारा तांड्यांवरून दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती लग्नात नाहीतर दवाखान्यात केव्हाच जिरलेली असते. मग हंगामभर फेडायची. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला, मुकादमाचं कमिशन 20 टक्के. टन किती भरले ते काट्याला ठाऊक, पावती मुकादमाच्या खिशात, आणि फिटलं किती ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, तोंडी कळतं. उत्तर बहुतेक ठरलेलं: अजून बाकी आहे.

इथे एआयला खरं काम आहे. काट्याची पावती मोबाईलसमोर धरली की त्याने ती वाचावी, टनाला दराने गुणावं, उचलीतून वजा करावं आणि तोडणाऱ्या बाईला तिच्या बोलीत मोठ्याने सांगावं, मुकादमालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कोणी म्हणेल, याला एआय कशाला, कॅल्क्युलेटर पुरे. कबूल. पण कॅल्क्युलेटरवर आकडे मारायला पावती वाचता यावी लागते, आणि त्याआधी ती हातात पडावी लागते. तेव्हा पहिली मदत यंत्राची नकोच. वजनाची पावती थेट तोडणाऱ्याच्या मोबाईलवर जाईल, एवढा एक नियम करा. त्याला 500 कोटी लागत नाहीत. बहुधा म्हणूनच तो कोणाला सुचत नाही.

पुढची अडचण बोलीची. तांड्यावरची बोली गोरबोली; सरकारी कागदांत तिचं नाव लमाणी, लंबाडी नाहीतर बंजारी. 2011 च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे 32 लाखांवर होते आणि बंजारी सांगणारे आणखी 15 लाखांवर. एवढी माणसं कुठे गेली? हिंदीत. जनगणनेने त्यांना हिंदीच्या खात्यावर जमा करून टाकलं. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821 होते; संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, स्वतंत्र आहे, सुखात आहे. आणि परतूरच्या तांड्यावरची याडी, म्हणजे आई, जिला रेशन दुकानदाराशी धड हिंदी बोलता येत नाही, ती सरकारदरबारी हिंदी भाषक. यंत्र जे वाचतं तेच शिकतं. कागदावर जी बोलीच नाही ती त्याला कोण शिकवणार?

केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने 1 सप्टेंबर 2025 ला ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं एआय सुरू केलं. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने झालेलं काम आहे, आणि चांगलं आहे. सुरुवातीला संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीला त्याचा उपयोग व्हावा. गोरबोली त्या चारांत नाही. मागायला जावं तरी कोणत्या दारात? तेलंगणातला बंजारा अनुसूचित जमातीत, कर्नाटकातला अनुसूचित जातीत, महाराष्ट्रातला विमुक्त जातीत. बोली एक, नंगारा एक, सेवालाल महाराज एक, फायली तीन. सप्टेंबर 2025 मध्ये निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे जमातीचा दाखला मागायला जालन्यात मोठा मोर्चा निघाला, त्याला आदिवासी संघटनांचा विरोधही आहे. तो वाद या सदरात मिटणार नाही. पण आरक्षणाचा निकाल लागेपर्यंत मोबाईलनेही गोरबोलीत गप्प बसावं, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

मोबाईलवरून आठवलं. जून 2025 मध्ये आमचे आमदार बबनराव लोणीकर यांनी परतूर तालुक्यातल्या एका कार्यक्रमात टीकाकारांना सुनावलं की तुमच्या अंगावरचे कपडे, पायातल्या चपला आणि हातातला मोबाईल आमच्यामुळेच आहे. राज्यभर गाजलं. मोबाईल कोणामुळे आला याचा निकाल अशा रीतीने लागला. त्यात गोरबोली कोणामुळे येणार, हे भाषणात राहून गेलं.

आता शिबिरं होतील. ‘तांडा तिथे एआय’ असा फलक, प्रोजेक्टर, पाहुण्यांना फेटे. तारीख बहुधा डिसेंबरमधली, म्हणजे तांड्यावर म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेसाठी मागे ठेवलेली चार पोरं असताना. अहवालात मात्र उपस्थिती उत्स्फूर्त.

शिबिराविनाही हे जमतं. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला कायताया नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या माओरींच्या ‘ते हिकू मीडिया’ या रेडिओ केंद्राने 2018 मध्ये लोकांना आपल्या भाषेतली वाक्यं वाचून पाठवायला सांगितली. दहा दिवसांत 300 तासांच्या वर आवाज जमले आणि त्यावर त्यांनी माओरी ऐकून लिहिणारं यंत्र स्वतः तयार केलं. मग मोठ्या कंपन्या दारात आल्या. केंद्राने आवाज द्यायला नकार दिला: आमच्या आजोबांचे आवाज आहेत, त्यांचं काय करायचं ते आम्ही ठरवू. आपल्याकडे होळीच्या लेंगी गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत. ते उपसून नेणारा तांड्याच्या नायकाला किंवा कारभाऱ्याला विचारायला येईल, असं वाटत असेल तर त्याने पावतीचा परिच्छेद पुन्हा वाचावा. आवाज गोळा करायचेच तर तासाचे पैसे रोख द्या, उचल नको. आणि तयार होईल त्याची मालकी तांड्याच्या नावावर लिहा, सातबारा लिहितो तशी.

पुढची जनगणना डिजिटल आहे. डोकी मोजायची फेब्रुवारी 2027 मध्ये, म्हणजे कारखाने ऐन भरात असताना. परतूरच्या तांड्यावर प्रगणकाला कुलपं भेटतील. घरधनी सांगलीकडे नाहीतर बेळगावकडे फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असतील, आणि तिथला प्रगणक मातृभाषा कोणती हे कन्नडमध्येही विचारू शकतो. म्हणून मुकादमाला आत्ताच एक विनंती करून ठेवतो: त्या दिवशी उत्तर तू देऊ नकोस.